प्रिल आणि सार्टन

गेल्या वर्षी पप्पांना हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, घरी आले, आणि तीन आठवड्यांनी खोकला सुरू. कोरडा, रात्रीचा. रविवारी मिस्साला तर प्रवचन सुरू झालं की हमखास. कफ सिरपच्या दोन बाटल्या संपल्या. शेवटी शेजारचे काका म्हणाले, "ती बीपीची गोळी सोड, तिच्यामुळेच होतंय." पप्पांनी कुणाला न सांगता सोडली. आठ दिवसांनी मम्मीला गोळ्यांचं पाकीट तसंच भरलेलं सापडलं.

काकांचं निदान बरोबर होतं, सल्ला मात्र धोक्याचा.

गोळीचं नाव रामिप्रिल. मी साहित्याची विद्यार्थिनी, त्यामुळे आधी नजरेत भरला तो प्रत्यय. कॅप्टोप्रिल, एनालाप्रिल, रामिप्रिल हे एक घराणं. लोसार्टन, टेल्मिसार्टन, वाल्सार्टन हे दुसरं. दोघांचं वैर एकाच रसायनाशी, अँजिओटेन्सिन दोनशी. ते रक्तवाहिन्या आवळतं, शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं. अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा काही भाग मरतो. उरलेल्या भागावर हा ताण पडत राहिला तर हृदय हळूहळू सैल, मोठं आणि कमजोर होतं. म्हणून बीपी नॉर्मल असलं तरी ही गोळी देतात. "माझं बीपी ठीक आहे, मग कशाला?" हा पप्पांचा प्रश्न इथंच चुकत होता.

प्रिल हे रसायन तयार करणाऱ्या एन्झाइमलाच अडवते. पण तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाच्या पदार्थाची विल्हेवाटही लावत असतं. ते काम थांबलं की ब्रॅडिकायनिन साचतं आणि खोकला येऊ शकतो. (कॅप्टोप्रिलची कल्पना ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून आली, हे वाचून मी उडालेच.) सार्टन एन्झाइमच्या वाटेला जात नाही. रसायन जिथं चिकटतं, ती जागाच बंद करते. म्हणून खोकला क्वचित.

पण जीव वाचवण्यात दोघी सारख्याच का? 2003 साली 'व्हॅलियंट' नावाच्या चाचणीचे निकाल आले. अटॅकनंतर हृदय कमजोर झालेले 14,703 रुग्ण, साधारण दोन वर्षं लक्ष ठेवलं. कॅप्टोप्रिल घेणाऱ्यांत 19.5 टक्के दगावले, वाल्सार्टनवाल्यांत 19.9, दोन्ही घेणाऱ्यांत 19.3. म्हणजे फरक नाहीच म्हणा. वाल्सार्टनचा ठरवलेला डोस मात्र भरपूर होता, 160 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा.

डॉक्टर आधी रागावले, मग गोळी बदलून सार्टन दिली आणि किडनी-पोटॅशियमची तपासणी लिहून दिली. पप्पांनी लगेच विचारलं, "दोन्ही घेतल्या तर दुप्पट फायदा?" त्या चाचणीत दोन्ही घेणाऱ्यांना फायदा वाढला नव्हता, औषधांचा त्रास तेवढा वाढला होता. हे मी घरी येताना रिक्षात समजावलं.

खोकला जायला तीनेक आठवडे लागले. आता गोळ्यांचं पाकीट मम्मीच्या ताब्यात आहे.