‘ओळख’ कसली, ही तर इजा!

दहावीचा निकाल लागला की किनवट, देगलूर, उदगीर, अहमदपूरकडची मुले अकरावीसाठी नांदेड-लातूरला येतात व वसतिगृहात राहतात. पहिल्याच आठवड्यात जुनी मुले नव्यांची ‘ओळख’ घेतात. त्याविषयी आज थोडे.

काही वर्षांपूर्वी एक आई मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. “डॉक्टरसाहेब, ह्याला उन्हाळी लागलीय. धन्या-जिऱ्याचं पाणी दिलं, तरी लघवी लालच होतीय.” मुलगा मांडीला हात लावू देईना. आईला बाहेर बसवल्यावर तो बोलला. दोन रात्रींपूर्वी सीनियर मुलांनी त्याच्याकडून तीनशे उठाबशा काढून घेतल्या होत्या.

सवय नसताना एवढा ताण पडला की स्नायूंच्या पेशी फुटतात. त्यांतले मायोग्लोबिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडाला इजा करते. मांड्या सुजतात, पाय उचलवत नाहीत, लघवी कोऱ्या चहासारखी होते. वेळेवर सलाइन मिळाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. उशीर झाला तर डायलिसिसची पाळी येते. अशा वेळी मनाने वेदनाशामक गोळी घेऊ नये, मूत्रपिंडाला आणखी त्रास होतो. त्या मुलाला मी लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवले. तो बरा झाला.

तासन्‌तास उभे करणेही साधे नाही. रक्त पायांत साठते, मेंदूला कमी पडते, घेरी येऊन डोक्याला मार लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातमधील पाटणजवळच्या धारपूर वैद्यकीय महाविद्यालयात सीनियरांनी बराच वेळ उभा ठेवलेला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी कोसळून मरण पावला. १५ विद्यार्थ्यांवर गुन्हा दाखल झाला.

“याने पोरं घट्ट होतात,” असे काही पालकही म्हणतात. मी एमबीबीएसला असताना आम्हालाही रात्रभर उभे केले होते. पुढच्या वर्षी मी तेच इतरांना केले, याची आज लाज वाटते. त्याने धीटपणा आला नाही. लहानाला दाबायची सवय तेवढी लागली. धीर दिला तो दुसऱ्याच एका सीनियरने. पहिल्या डिसेक्शनला मला घेरी आली, तेव्हा त्याने पाणी पाजले आणि पुढे महिनाभर रोज सोबत बसवून ॲनाटॉमी वाचून घेतली.

मग चांगली प्रथा ओळखावी कशी? एनएसएसच्या शिबिरात बांध घालतानाही अंग दुखते. पण तिथे सीनियरही तीच टोपली उचलतो, काम सर्वांसमक्ष चालते आणि दमलेल्याला बसता येते. या तिन्ही गोष्टी नसतील तर ते रॅगिंग समजावे.

महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. २ वर्षांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि दोषी विद्यार्थ्याला ५ वर्षे कुठेही प्रवेश नाही. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने ७ दिवसांत चौकशी केलीच पाहिजे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी १८००-१८०-५५२२ हा मोफत दूरध्वनी क्रमांकही आहे.

पालकांनो, मुलाला फोनवर “जेवलास का?” एवढेच विचारू नका. झोप लागते का, अंग दुखते का, रात्री खोलीत कोण येते, हेही विचारा. आणि उठाबशांनंतर लघवी लाल झाली, तर उन्हाळी समजून घरी थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.