स्प्रे-कॅनमधला रंग बाटलीत कसा भरावा?

पुणे–लोणावळा लोहमार्गावर देहूरोडच्या पुढे बेगडेवाडी हे छोटं स्थानक लागतं. तिथे थांबणाऱ्या लोकलची प्रतिकृती करायची असं एखाद्या विद्यार्थ्याने ठरवलं, तर मापाचं गणित सोपं आहे. रेल्वेच्या प्रतिकृतींसाठी १:८७ हे प्रमाण जगभर रूढ आहे. सुमारे २१ मीटर लांबीचा डबा या प्रमाणात २४ सेंटिमीटरचा होतो. कोथरूडमधलं, १९९८ साली खुलं झालेलं जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय पाहिलेल्यांना अशा कामातली बारकाई ठाऊक असेल.

अडचण येते ती रंगाची. प्रतिकृतीवर रंगाचा थर ०.१ मिलिमीटर जाड बसला, तर मूळ डब्याच्या हिशोबाने तो जवळजवळ ९ मिलिमीटर होतो! खिडक्यांचे गज त्यात बुजून जातात. स्प्रे-कॅनचा फवारा जोरदार असतो आणि तो कमी-जास्त करता येत नाही. म्हणून हौशी मंडळी कॅनमधला रंग बाटलीत काढतात आणि एअरब्रशने पातळ थर देतात. पण हे काम तेल एका डब्यातून दुसऱ्यात ओतण्याइतकं साधं नाही. का, ते पाहू.

कॅनमध्ये रंग आणि द्रावक यांच्या जोडीला तिसरा घटक असतो : रंगाला बाहेर ढकलणारा वायू. हा बहुधा प्रोपेन-ब्यूटेनचं मिश्रण, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद, किंवा डायमिथिल ईथर असतो. दाबामुळे तो द्रवरूपात राहतो आणि रंगात मिसळलेला असतो. ब्यूटेन उणे ०.५ अंश सेल्सिअसला उकळतो. २० अंशाला त्याचा बाष्पदाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दुप्पट असतो, तर ४० अंशाला पावणेचार पट. कॅन उन्हात ठेवू नये, ते याचसाठी.

रंग बाहेर काढल्यावर या वायूचा काही भाग लगेच उडतो, पण बराचसा रंगातच राहतो. एक मिलिलिटर द्रव ब्यूटेनपासून सुमारे २४० मिलिलिटर वायू तयार होतो. अशा वेळी बाटलीला घट्ट झाकण लावलं तर आत दाब वाढत जातो. झाकण उघडताच रंग सोड्यासारखा फसफसून अंगावर येतो. काच तडकण्याचाही धोका असतो. द्रवावरचा वायूचा दाब कमी झाला की विरघळलेला वायू बाहेर पडतो, हा विल्यम हेन्री यांनी १८०३ साली मांडलेला नियमच इथे दिसतो.

म्हणून पद्धत अशी : काम मोकळ्या हवेत करावं. हा वायू हवेपेक्षा जड आणि ज्वालाग्राही असल्याने जमिनीलगत साचतो. जवळपास शेगडी, उदबत्ती किंवा ठिणगी नको. हातमोजे आणि चष्मा वापरावा. कॅनच्या तोंडाला नळी जोडून तिचं टोक काचेच्या बाटलीत सोडावं आणि थोडं-थोडं फवारावं. बाटली गार होईल. बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता ती रंगाकडून आणि काचेकडून घेतली जाते. मग तोंडावर सैल कागद ठेवून बाटली रात्रभर हवेशीर जागी राहू द्यावी. सकाळी काडीने हळूच ढवळावं. बुडबुडे आले तर आणखी थांबावं. आले नाहीत तरच झाकण लावावं. वायू लवकर जावा म्हणून बाटली कधीही तापवू नये आणि कॅनला भोक तर मुळीच पाडू नये.

साठवणीसाठी प्लास्टिकची बाटली टाळावी, कारण अनेक द्रावकं पॉलिस्टायरीनसारखं प्लास्टिक विरघळवतात. बाटली लहान आणि जवळजवळ भरलेली असावी. रिकामी जागा जितकी जास्त, तितका द्रावक उडून रंग घट्ट होतो. रंगाचं नाव आणि तारीख लिहून ती थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी.

वर्गात हे दाखवायला रंगाची गरज नाही. सोड्याच्या दोन बाटल्या उघडाव्यात, एक फ्रिजमधली आणि एक उन्हातली. कोणती जास्त फसफसते ते मुलांनीच पाहावं आणि कारणही त्यांनीच सांगावं.