डोळे मिटले की बाजार भरतो?

"डॉक्टर, तुम्ही ध्यान करा म्हणालात. पण डोळे मिटले की डोक्यात आठवडी बाजारच भरतो!" गेल्या वर्षी एक गुरुजी दवाखान्यात वैतागून सांगत होते. मला हसू आले, कारण एके काळी माझीही हीच गत होती.

रात्री-अपरात्रीचे पेशंट, मोडलेली झोप, त्यात रक्तदाब वाढलेला. गोळी सुरू झाली, पण चिडचिड जाईना. म्हणून देवघरात आसन टाकून बसू लागलो. पाच मिनिटांत कुकरची शिट्टी, नाहीतर फोन. आणि दोन्ही नसले की काल कोणाला काय बोललो याची उजळणी! कंटाळून तो नाद सोडला आणि पहाटे अजिंक्यतारा चढू लागलो. सातारकरांना ही सोय आहे, घराबाहेर पडले की डोंगर. एके दिवशी मंगळाई देवीच्या देवळापलीकडे दम खायला झाडाखाली टेकलो. खाली गाव धुक्यात, जवळच बुलबुल बोलत होता. घड्याळ पाहिले तर वीस मिनिटे गेलेली. आणि ध्यानाला म्हणून मी बसलोच नव्हतो!

हे असे का होते? रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९ साली एका ग्रंथात याची उपपत्ती मांडली. हिशेब करणे, रहदारीतून गाडी काढणे यांत लक्ष ताणून धरावे लागते व ते थकते. हलणारे पान, वाहते पाणी मात्र लक्ष सहज ओढून घेते, जबरदस्ती करत नाही. तेवढ्या वेळात थकलेल्या मनाला विसावा मिळतो. देहूजवळच्या भंडारा डोंगरावर तुकाराम महाराज एकांताला जात, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्यासाठी ग्रंथ लागला नाही, एवढेच!

रॉजर उलरिक यांची १९८४ सालची पाहणीही बोलकी आहे. अमेरिकेतील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक कडक औषधेही कमी लागली. ही पाहणी ध्यानाची नव्हे, आणि रुग्णही थोडेच, हे ध्यानात ठेवावे.

गुरुजींना मी सांगितले, मळ्यात आंबा आहे ना, मग देवघर कशाला? सकाळी त्याच्याखाली घोंगडी टाका, पाठ बुंध्याला टेकवा. गुडघे कुरकुरत असतील तर सरळ खुर्ची न्या, मांडी घातलीच पाहिजे असे कुठे आहे? सुरुवातीला डोळे मिटू नका. सर्वांत लांबचा आवाज ऐका, मग त्याच्या अलीकडचा, शेवटी स्वतःचा श्वास. मन भटकले तर पुन्हा लांबच्या आवाजापासून सुरुवात. वीस मिनिटे पुरेत. मोबाइल घरी ठेवा. गवत वाढलेले असेल तर आधी काठी आपटून जागा पाहा, पावसाळ्यात ओसरीवरूनच झाडाकडे तोंड करा. दम्याच्या मंडळींनी थंडीत ऊन वर आल्यावरच बाहेर बसावे. सकाळच्या उजेडाने शरीराचे घड्याळ जाग्यावर येते व रात्री झोप वेळेवर लागते, हा वरचा लाभ. मन फारच खचलेले असेल, नको ते विचार येत असतील, तर मात्र एकट्याने बसू नये. आधी डॉक्टरांना भेटावे.

चार महिन्यांनी गुरुजी आले ते खुशीत. झोप छान, चिडचिड कमी. रक्तदाब मोजला तर १८०/११०! मी दचकलो.

"गोळ्या?"

"त्या बसायला लागल्यापासून बंद केल्या की! आता कशाला?"

त्यांच्यापेक्षा मला माझाच राग आला, कारण गोळी सोडू नका हे वाक्य मी त्या दिवशी बोललोच नव्हतो. ध्यानाने रक्तदाब थोडाफार उतरू शकतो, पण गोळीचे काम तो आंबा करणार नाही. आणि वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवतच नाही, त्यामुळे बरे वाटणे हा पुरावा धरता येत नाही. अर्धांगवायू सांगून येत नसतो. गोळी कमी करायची की नाही, हे महिनोन्‌महिने मोजमाप करून डॉक्टरांनी ठरवायचे.

गोळी पुन्हा सुरू झाली. आता गुरुजींच्या मंडळी सकाळी गोळी आणि पाण्याचा तांब्या हातात देतात, आणि मगच घोंगडी देतात. गेल्या खेपेला रक्तदाब १३४/८४ भरला. माझी स्वतःची गोळीही चालूच आहे, आणि गडही.