गाठीवरचा मार्का आणि जाहिरातीची लिंक
ऑनलाइन विक्रीचा हिशेब कोठे चुकतो आणि तो कसा दुरुस्त करावा

कापडाच्या धंद्यात गाठीवर मार्का घालण्याची रीत जुनी आहे. भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीहून निघालेली गाठ ट्रान्सपोर्टच्या गोदामात शंभर गाठींमध्ये पडली, तरी मार्का पाहून हमाल सांगतो की ती कोणत्या पेढीची आहे. मार्का पुसला गेला किंवा मुनिमाने एकाच पेढीचा मार्का दोन तऱ्हांनी लिहिला, तर माल हरवत नाही. पण तो कोणाचा हे कळेनासे होते आणि तंटा उभा राहतो.

आज आपले अनेक दुकानदार आणि कारागीर इन्स्टाग्राम, फेसबुक व व्हॉट्सॲपवर माल दाखवतात आणि स्वतःच्या वेबसाइटवर ऑर्डर घेतात. वेबसाइटवर येणाऱ्या गिऱ्हाइकाबरोबरही असाच एक मार्का येतो. तो नीट घातलेला नसेल तर विक्री होते, गल्ल्यात पैसा येतो, पण कोणत्या जाहिरातीने आणि कोणाच्या मेहनतीने आला हे समजत नाही. मग चालणारी जाहिरात बंद होते आणि न चालणारीवर पैसा ओतला जातो.

मार्का म्हणजे काय?

वेबसाइटवर किती लोक आले व कोठून आले याचा हिशेब ठेवण्यासाठी बहुतेक दुकानदार गूगल ॲनालिटिक्स वापरतात. जाहिरातीच्या लिंकला जोडण्याच्या मार्क्याला ‘यूटीएम’ म्हणतात. हे नाव ‘अर्चिन ट्रॅकिंग मॉड्यूल’चे लघुरूप आहे. अर्चिन ही अमेरिकेतील सॅन डिएगोची कंपनी. गूगलने २००५ साली ती विकत घेतली आणि त्याच वर्षी तिच्या सॉफ्टवेअरवरून गूगल ॲनालिटिक्स सुरू केले. कंपनीचे नाव मागे पडले, मार्क्याचे नाव मात्र टिकले.

मार्क्याचे तीन भाग प्रत्येक लिंकमध्ये असलेच पाहिजेत. ‘सोर्स’ म्हणजे गिऱ्हाईक कोठून आले: इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, पार्सलमधले कार्ड. ‘मीडियम’ म्हणजे कोणत्या प्रकारे आले: पैसे देऊन केलेली जाहिरात, साधी पोस्ट, ईमेल, एसएमएस. ‘कॅम्पेन’ म्हणजे कोणत्या मोहिमेतून आले: ईदची विक्री, लग्नसराई, थंडीचा माल. ‘टर्म’ आणि ‘कंटेंट’ हे आणखी दोन भाग गरजेपुरते वापरतात. एकाच जाहिरातीची दोन चित्रे असतील तर कोणत्या चित्राने गिऱ्हाईक आणले हे ‘कंटेंट’वरून कळते.

लिंकची रचना अशी असते:

दुकानाचा पत्ता?यूटीएम_सोर्स=इन्स्टाग्राम&यूटीएम_मीडियम=सीपीसी&यूटीएम_कॅम्पेन=ईद-चादर

प्रत्यक्षात हे सर्व इंग्रजी लिपीत आणि लहान अक्षरांत लिहायचे असते. पत्त्यानंतर एकदाच प्रश्नचिन्ह, त्यापुढे प्रत्येक दोन भागांमध्ये ‘अँड’चे चिन्ह, आणि नाव व किंमत यांच्यामध्ये बरोबरचे चिन्ह. नियम एवढाच आहे. गफलत होते ती त्याच्या वापरात.

एक उदाहरण

समजा, सोलापूरचा एक व्यापारी चादरी आणि टॉवेल वेबसाइटवर विकतो. ईदच्या महिन्यात त्याने इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवर ९,००० रुपये खर्च केले. शिवाय दुकानातील एक मुलगी जुन्या गिऱ्हाइकांना रोज व्हॉट्सॲपवर नवा माल पाठवते. त्यासाठी तिला पगारावर थोडी रक्कम मिळते. महिनाअखेर १०० ऑर्डर आल्या. रिपोर्टमध्ये त्यांची विभागणी अशी दिसली: छोट्या अक्षरातला ‘इन्स्टाग्राम’ १२, पहिले अक्षर मोठे असलेला ‘इन्स्टाग्राम’ ९, ‘इन्स्टा’ ७, गूगलवर शोधून आलेले १२, पेमेंट घेणाऱ्या कंपनीच्या नावावर १४, आणि ‘डायरेक्ट’ म्हणजे थेट आलेले ४६.

व्यापाऱ्याने इन्स्टाग्रामची पहिली ओळ पाहिली. ९,००० रुपयांत १२ ऑर्डर, म्हणजे एका ऑर्डरमागे ७५० रुपये. त्याला जाहिरात महाग वाटली. व्हॉट्सॲपच्या नावाची तर एकही ओळ नव्हती. त्याने ठरवले की मुलीची वरची रक्कम बंद करावी.

दोन्ही निर्णय चुकीच्या हिशेबावर झाले. इन्स्टाग्रामच्या तीन ओळी एकाच जाहिरातीच्या होत्या. बेरीज २८, आणि एका ऑर्डरमागे खर्च सुमारे ३२१ रुपये. व्हॉट्सॲपच्या लिंकवर मार्काच नव्हता. व्हॉट्सॲपमधून उघडलेली साधी लिंक बहुधा ‘डायरेक्ट’मध्येच जमा होते, कारण गिऱ्हाईक कोठून आले हे ती सांगत नाही. त्या ४६ ऑर्डरींपैकी मुलीच्या मेहनतीच्या किती होत्या, हे आता कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. जिचा हक्क होता तिच्याजवळ पुरावा उरला नाही. हे नुकसान रुपयांत मोजता येत नाही.

चुका कोठे होतात?

पहिली आणि सर्वांत जास्त होणारी चूक अक्षरांची. गूगल ॲनालिटिक्स इंग्रजीतील मोठे आणि लहान अक्षर वेगळे मानते. एकाने मोठ्या अक्षराने लिहिले, दुसऱ्याने लहान, तिसऱ्याने नाव तोडून लिहिले, की एका पेढीची तीन खाती होतात. यासाठी सर्व काही लहान अक्षरांत लिहावे. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडू नये, आडवी रेघ द्यावी.

दुसरी चूक प्रश्नचिन्हाची. काही लिंकमध्ये मालाचा नंबर दाखवण्यासाठी प्रश्नचिन्ह आधीच असते. तेथे मार्का जोडताना पुन्हा प्रश्नचिन्ह घातले की मार्का बिघडतो. आधीचे असेल तर ‘अँड’च्या चिन्हाने पुढे जावे. तसेच लिंकमध्ये ‘हॅश’ म्हणजे # चिन्ह असेल तर मार्का त्याच्या आधी यावा. त्यामागे लिहिलेला मार्का यूटीएम म्हणून वाचला जात नाही.

तिसरी चूक मीडियमच्या नावाची. येथे मनाने नावे ठेवून चालत नाही. गूगल काही ठरावीक शब्दच ओळखते आणि त्यावरून येणाऱ्यांचे गट पाडते. ईमेलसाठी ‘ईमेल’, एसएमएससाठी ‘एसएमएस’, साध्या पोस्टसाठी ‘सोशल’, पैसे देऊन केलेल्या जाहिरातीसाठी ‘सीपीसी’ किंवा ‘पेड’ने सुरू होणारा शब्द. ओळखीचा नसलेला शब्द दिला तर ते गिऱ्हाईक ‘अनअसाइन्ड’ म्हणजे बेवारस गटात पडते. रिपोर्टमध्ये हा गट फुगलेला दिसला तर मीडियमची नावे तपासावीत.

चौथी चूक आपल्याच वेबसाइटच्या आत मार्का घालण्याची. पहिल्या पानावरच्या ‘ईद सेल’च्या चित्राला काही जण मार्क्याची लिंक देतात. हे कदापि करू नये. गिऱ्हाईक दुकानात शिरल्यावर चादरीच्या कपाटाकडून टॉवेलच्या कपाटाकडे गेले, आणि आपल्याच नोकराने त्याच्या हातातली ‘कल्याणहून आले’ ही चिठ्ठी फाडून ‘चादरीच्या कपाटाकडून आले’ अशी नवी दिली, त्यातला हा प्रकार. ज्या जाहिरातीने गिऱ्हाईक आणले तिचे श्रेय आपल्याच पानाला जाते.

पाचवी चूक वाटेत मार्का गळण्याची. लिंक दाबल्यावर वेबसाइट कधी कधी गिऱ्हाइकाला एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर ढकलते. जुन्या पानावरून नव्या पानावर नेताना मार्का बरोबर गेला पाहिजे. अनेकदा तो वाटेत सुटतो. लिंक छोटी करून देणाऱ्या सेवांबाबतही हेच. आधी मार्का घालावा आणि मग लिंक छोटी करावी. छोट्या लिंकच्या शेपटीला मार्का चिकटवला तर तो मूळ पानापर्यंत पोहोचेल याची खात्री नसते.

सहावी चूक पेमेंटची. गिऱ्हाईक पैसे भरण्यासाठी पेमेंट कंपनीच्या पानावर जाते आणि परत येते. परत आलेल्याला नवा पाहुणा समजून ऑर्डरचे श्रेय त्या कंपनीला दिले जाते. वरच्या उदाहरणातल्या १४ ऑर्डर अशाच आहेत. हा दोष मार्क्याचा नाही, सेटिंगचा आहे. ॲनालिटिक्सच्या ॲडमिन भागात डेटा स्ट्रीमच्या टॅग सेटिंगमध्ये ‘अनवाँटेड रेफरल्स’ची यादी असते. तिच्यात पेमेंट कंपनीचा पत्ता भरावा.

सातवी चूक आळसाची. दिवाळीची लिंक ईदला जशीच्या तशी पाठवली की ईदची विक्री दिवाळीच्या खात्यात पडते. मोहिमेच्या नावात साल घालण्याची सवय ठेवावी.

दुरुस्ती कशी करावी?

प्रथम मागचा हिशेब उघडावा. ‘रिपोर्ट्स’मध्ये ‘ॲक्विझिशन’ आणि त्यात ‘ट्रॅफिक ॲक्विझिशन’ येथे जाऊन ‘सेशन सोर्स/मीडियम’ निवडावे. मागच्या तीन महिन्यांच्या ओळी कागदावर किंवा शीटवर उतरवाव्यात आणि एकाच जागेची किती नावे झाली आहेत त्यांवर खुणा कराव्यात. एवढ्यानेच बराचसा गोंधळ डोळ्यांसमोर येतो.

जमा झालेली नोंद बदलता येत नाही, हे लक्षात ठेवावे. चुकीची लिंक आज दुरुस्त केली तर हिशेब आजपासून दुरुस्त होतो. तरीही एक सोय आहे. ॲनालिटिक्समध्ये आपला स्वतःचा ‘चॅनेल ग्रुप’ करता येतो. ‘ज्या सोर्सच्या नावात इन्स्टा आहे ते सर्व एका गटात’ असा नियम त्यात घालता येतो आणि तो मागच्या रिपोर्टलाही लागू होतो. मात्र ज्या लिंकवर मार्काच नव्हता, तिची विक्री कोणत्याही नियमाने परत मिळत नाही.

त्यानंतर दुकानात एक मार्कावही सुरू करावी. गूगल शीट असो की साधी वही, रकाने इतके पुरेत: तारीख, सोर्स, मीडियम, कॅम्पेन, पूर्ण लिंक, आणि कोणी पाठवली. सोर्स आणि मीडियमची मंजूर नावे पहिल्या पानावर लिहून ठेवावीत. त्याबाहेरचे नाव कोणी वापरू नये. लिंक तयार करण्यासाठी गूगलचे ‘कॅम्पेन यूआरएल बिल्डर’ हे फुकट साधन आहे. त्यात रकाने भरले की चिन्हांची चूक टळते. मात्र नावे आपल्या वहीतूनच घ्यावीत, कारण नावातली चूक ते साधन पकडत नाही.

लिंक पाठवण्यापूर्वी स्वतः दाबून पाहावी. मोबाइलच्या ‘इन्कॉग्निटो’ खिडकीत लिंक उघडावी आणि पान पूर्ण आल्यावर वरच्या पत्त्यात मार्का शिल्लक आहे का ते बघावे. नसेल तर तो वाटेत गळला. असेल तर ‘रिअलटाइम’ रिपोर्टमध्ये आपली भेट दिसते का तेही तपासावे. पक्का हिशेब यायला २४ ते ४८ तास लागू शकतात, तेव्हा त्याच दिवशी घाबरून जाऊ नये.

दोन सूचना महत्त्वाच्या आहेत. गूगलवर पैसे देऊन जाहिरात केली असेल तर गूगल स्वतःच ‘जीसीएलआयडी’ नावाची खूण जोडते. तेथे ‘ऑटो टॅगिंग’ चालू ठेवावे आणि वेबसाइट ती खूण पुसत नाही ना, हे पाहावे. दुसरे असे की गिऱ्हाइकाचे नाव, मोबाइल नंबर किंवा ईमेल कधीही मार्क्यात घालू नये. गूगलच्या नियमांत ते बसत नाही, आणि लिंक पुढे गेली की गिऱ्हाइकाची खासगी माहिती चव्हाट्यावर येते.

मार्क्याची हद्द

मार्का सर्व काही सांगतो असे मात्र समजू नये. इन्स्टाग्रामची लिंक कोणी मेहुण्याला व्हॉट्सॲपवर पाठवली, तर मेहुण्याची ऑर्डर इन्स्टाग्रामच्याच नावावर पडते. एखाद्याने जाहिरात पाहिली, मार्का लक्षात कोण ठेवतो, आणि चार दिवसांनी दुसऱ्याच मोबाइलवर दुकानाचे नाव टाकून माल मागवला, तर तो वेगळ्याच रकान्यात जातो. गिऱ्हाईक कोणत्या दारातून आत आले हे मार्का सांगतो. त्याचे मन कोणी वळवले हे प्रत्येक वेळी सांगू शकत नाही. म्हणून मोठा निर्णय घेण्यापूर्वी चार गिऱ्हाइकांना फोनवर ‘आमची माहिती कोठून मिळाली?’ असे सरळ विचारावे.

सोलापूरच्या त्या उदाहरणाकडे पुन्हा पाहू. त्या व्यापाऱ्याने मुलीच्या लिंकला सोर्स ‘व्हॉट्सॲप’ आणि कॅम्पेनचे एक नाव दिले असते, तर तिच्या कामाचा आकडा रिपोर्टात दिसला असता. तो मोठा असता तर तिची रक्कम वाढली असती, लहान असता तर समोर बसवून बोलता आले असते. आता यापैकी काहीच शक्य नाही. व्यापाऱ्याने निदान पुढचा महिनाभर तिची रक्कम चालू ठेवावी, लिंक दुरुस्त कराव्यात आणि त्यानंतरच फैसला करावा. वही आपण चुकीची लिहिली असेल, तर तिचा भुर्दंड काम करणाऱ्यावर टाकू नये.