‘रोल’च्या मागेपुढे काय येतं?

कन्हानच्या कोळसा खाणपट्ट्यातली मुलं मुलाखतीला जातात, तेव्हा वडिलांचं काम इंग्रजीत सांगताना नेमकी अडखळतात. शब्द माहीत असतात, पण कशासोबत काय येतं तेच ठाऊक नसतं. ‘रोल’बरोबर ‘प्ले’ येतं, ‘डू’ नाही. नागपूरच्या पाणीपुरवठ्यात कन्हान नदी ‘प्लेज अ की रोल इन’ असं म्हणायचं. इथं ‘इन’ विसरू नये. नवी जबाबदारी अंगावर घेतली की ‘टेक ऑन’, दुसऱ्याच्या जागी तात्पुरतं काम केलं की ‘अ‍ॅक्ट अ‍ॅज’.

खरी गंमत हुद्द्यांत आहे. मायनिंग सरदार त्याला नेमून दिलेल्या भागाची पाहणी करतो. छत, वायू तपासतो. त्याच्याबद्दल ‘ही इज इन चार्ज ऑफ’ म्हणावं, किंवा ‘रिस्पॉन्सिबल फॉर’. इथं ‘रिस्पॉन्सिबल ऑफ’ ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण माणसाला काम पुरेपूर माहीत असतं, अडतं ते एका छोट्या शब्दापाशी. सरदाराच्या वर ओव्हरमन असतो; म्हणून ‘ही रिपोर्ट्स टू द ओव्हरमन’. हुद्दा सांगताना ‘वर्क्स अ‍ॅज अ’ म्हणावं, त्यातला ‘अ’ गाळू नये. हे जोड सुटे पाठ न करता घरच्या माणसाच्या कामावर पूर्ण वाक्यं रचून म्हणावेत.