पक्षी टिपणाऱ्यांनो, मेमरी कार्ड घेताना

भांडुप पंपिंग स्टेशनला किंवा बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कॅमेरा घेऊन जाणार असाल, तर कार्डावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. तो सेकंदाला २०० एमबी बहुधा वाचण्याचा वेग असतो. फोटो कॉम्प्युटरवर उतरवताना कामाचा. फ्लेमिंगोंचा थवा उडाला की लागतो लिहिण्याचा वेग. त्यासाठी व्ही३० ही खूण शोधा, म्हणजे सेकंदाला सलग किमान ३० एमबी. १०० एमबीपीएसचा (म्हणजे मेगाबिटचा) फोरके व्हिडिओ सेकंदाला १२.५ एमबीच लिहितो, तेव्हा त्यासाठी व्ही९०वर पैसे उधळू नका. रॉमध्ये बर्स्ट मारणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांना जास्त वेग लागतो. पण यूएचएस-२ कार्ड (मागे पिनांच्या दोन रांगा) घेण्याआधी कॅमेऱ्याचं मॅन्युअल उघडा. सोय नसेल तर ते यूएचएस-१च्याच वेगाने चालतं.

१२८ जीबीच्या एकापेक्षा ६४ची दोन बरी, हे माझं ठाम मत.

फोर्टातल्या बोरा बाजारात जा किंवा घराजवळ घ्या, पण पक्कं बिल मागा. पथारीवरचं स्वस्त कार्ड नकोच! नकली कार्ड १२८ जीबी दाखवतं, आत जागा जेमतेम ८ची. त्यापुढचे फोटो गायब. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर कार्ड पूर्ण भरून तपासतं. ते झालं की कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.