मिलिटरी ट्रेलर घेतलाय? आधी त्याचे लाइट १२ व्होल्टवर आणा

लिलावातला जुना मिलिटरी ट्रेलर छोट्या धंद्याला फार उपयोगी पडतो. चेसिस दणकट, एक्सल भक्कम. त्यावर पाण्याची टाकी बसवा, जनरेटर बसवा, नाहीतर केटरिंगचं सामान वाहा. पण बरेच जण ट्रेलर आणून पिकअपला जोडतात आणि मग कळतं, की मागचे लाइट लागतच नाहीत. रात्री हायवेवर असा ट्रेलर ओढणं म्हणजे मागून येणाऱ्या बाइकवाल्याच्या जिवाशी खेळ. तुम्ही ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान टाकणार असाल, तर हे काम शिकून ठेवा.

लाइट का लागत नाहीत?

पहिलं कारण व्होल्टेज. आपली कार किंवा पिकअप १२ व्होल्टवर चालते. अमेरिकी सैन्याचं उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप ६ व्होल्टची होती. १९५० च्या सुमारास आलेली एम-३८ जीप २४ व्होल्टची, आणि नंतरचे एम-४१६ सारखे ट्रेलरही २४ व्होल्टचेच. २४ चा बल्ब १२ वर नुसता मिणमिणतो. ६ चा बल्ब १२ वर लावला तर लगेच उडतो.

दुसरं कारण प्लग. नाटोच्या लष्करी गाड्यांना गोल १२ पिनचा सॉकेट असतो. साध्या गाड्यांना बहुतेक ७ पिनचा असतो, अमेरिकेत हलक्या ट्रेलरला चपटा ४ पिनचा.

तिसरं कारण लाइटची पद्धत. मिलिटरी ट्रेलरला ‘ब्लॅकआउट’ लाइट असतात, म्हणजे शत्रूच्या विमानाला दिसू नयेत असे बारीक दिवे. रोडवर त्यांचा उपयोग शून्य. शिवाय अमेरिकी ट्रेलरमध्ये ब्रेक आणि इंडिकेटर एकाच लाल बल्बवर चालतात. आपल्या गाड्यांना इंडिकेटर वेगळा आणि पिवळा असतो.

काम कसं करायचं?

१. आधी मीटर लावा. वायर जुन्या असतात, मध्ये कोणीतरी जोडाजोडी केलेली असते. रंगावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक पिनपासून बल्बपर्यंत कंटिन्युइटी तपासा आणि कागदावर लिहून काढा.

२. वायरिंग चांगलं असेल तर फक्त बल्ब १२ व्होल्टचे टाका, होल्डर तोच हवा. वायरिंग कुजलं असेल तर सरळ नवीन हार्नेस ओढा. एलईडी लावणार असाल तर १० ते ३० व्होल्टवर चालणारे घ्या, म्हणजे ट्रेलर ट्रकलाही जोडता येईल. मात्र एलईडीमुळे काही गाड्यांचा इंडिकेटर भराभर मारायला लागतो, ते गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

३. वायरची जाडी बघा. दोन टेल लाइट ५ वॉटचे आणि दोन ब्रेक लाइट २१ वॉटचे धरले, तर एकूण ५२ वॉट. २४ व्होल्टवर साधारण २.२ अँपिअर करंट जातो, १२ वर ४.३. म्हणजे दुप्पट. बारीक, लांब वायरवर व्होल्टेज पडतं आणि लाइट मंद होतात.

४. अर्थिंगची वायर वेगळी ओढा. हुकच्या गोळ्यातून अर्थ मिळेल या भरवशावर राहू नका, तिथे ग्रीस आणि गंज असतो. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही मंद पेटत असेल, तर आधी अर्थ तपासा.

५. नवीन गाडीची वायर सोलून टॅप मारू नका. या गाड्यांचे लाइट कंट्रोल मॉड्यूलवर चालतात, जादा लोडने ते जाऊ शकतं आणि ते महाग असतं. ट्रेलर मॉड्यूल किंवा रिले लावा, पॉवर थेट बॅटरीवरून घ्या आणि बॅटरीजवळ फ्यूज टाका.

६. ब्लॅकआउटच्या वायर जोडू नका. टोकं टेपने वेगवेगळी बंद करा. पिवळा इंडिकेटर आणि रिफ्लेक्टर नवीन बसवा.

धंद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे. त्यामुळे पैसे भरायच्या आधी लिलावाची कागदपत्रं घेऊन आरटीओत विचारा, की याची नोंदणी होईल का. नोंदणी होणारच नसेल तर स्वस्तात मिळालेला ट्रेलरही महागच पडला. गिऱ्हाईक आलं तरी पहिला प्रश्न हाच विचारा.

दर सांगताना तपासणी, सामान आणि मजुरी वेगवेगळी लिहा. तपासणीचे पैसे आधी घ्या, कारण वायरिंग उघडल्याशिवाय खरं काम किती ते कळत नाही. ‘बघून घेऊ’ म्हणत एकच आकडा सांगितला, की नुकसान तुमचंच.

काम झाल्यावर अंधारात टेस्ट घ्या. एक जण गाडीत, एक जण ट्रेलरच्या मागे वीस पावलांवर. टेल, ब्रेक, डावा, उजवा, आणि मग ब्रेकसोबत इंडिकेटर. वायरिंगचा नकाशा लॅमिनेट करून गिऱ्हाइकाला द्या. पुढच्या वेळी काही बिघडलं, तर तो नकाशा आणि गिऱ्हाईक दोन्ही तुमच्याच दुकानात येतील.

तुमच्याकडे असा ट्रेलर असेल तर प्लगचा फोटो काढून ठेवा. पुढच्या व्हिडिओत पिन मीटरने कशा शोधायच्या ते प्रत्यक्ष करून दाखवतो.